साहस-प्रणयाचे मूकपट: आधी प्रत ओळखा, मग बघा, शेवटी जमवा

मूकपटात सगळे तुरुतुरु पळतात, मध्यरात्री घुसणारा चोर लख्ख उन्हात भिंत चढतो आणि मागे कसलातरी पियानो थांबायचं नाव घेत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याने चित्रपट वाईट पाहिलेला नसतो. त्याच्या हाती प्रत वाईट पडलेली असते.

गडबड क्रमात होते. लोक आधी विकत घेतात किंवा उतरवून घेतात, मग बघायला बसतात, आणि समोर कसली प्रत आहे हे तपासायचं राहूनच जातं. नेमकं उलट करायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. साहस-प्रणयपट म्हणजे इथे तलवार, घोडा, जहाज, वाळवंट, वेषांतर आणि त्यात गुंफलेली प्रेमकथा. आपल्याकडच्या देमारपटांचे थोरले भाऊबंद.

टप्पा १: यादी नावांची नको, प्रतींची करा

१९२९ पर्यंत प्रदर्शित झालेल्या मूकपटांवर अमेरिकेत आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे इथेही तेच. म्हणून कोणीही उठतो आणि जुन्या १६ मिमी प्रिंटच्या नकलेची नक्कल काढून विकतो. नाव टाकून शोधल्यावर पहिल्या झटक्यात सापडते ती बहुधा यातलीच.

एक वही घ्या, किंवा संगणकावर तक्ता करा. प्रत्येक चित्रपटासमोर एवढ्या गोष्टी लिहा: मूळ नाव, वर्ष, दिग्दर्शक, मूळ लांबी (फूट किंवा रिळं), मूळ प्रती रंगवलेल्या होत्या का, तुम्हाला दिसलेल्या प्रतीची मिनिटं, ती कोणत्या प्रिंटवरून केली, संगीत कोणाचं. शेवटचे दोन रकाने विक्रेत्याच्या माहितीत कोरे असतील तर त्यातूनच बरंच कळतं. जपून केलेल्या प्रतीचा प्रकाशक या गोष्टी वेष्टनावर ठळक छापतो.

वर्ष टाळू नका. 'द मार्क ऑफ झोरो' १९२० चा आहे आणि १९४० चाही. 'द थीफ ऑफ बगदाद' १९२४ आणि १९४०, 'स्कॅरामूश' १९२३ आणि १९५२, 'बो जेस्ट' १९२६ आणि १९३९. मूकपट समजून बोलपट मागवणारे कमी नाहीत.

वर्ष बरोबर असूनही फसायला होतं. हॉलिवूडचा साहसनट डग्लस फेअरबँक्स याचा 'द आयर्न मास्क' १९२९ चा; तो १९५२ मध्ये पुन्हा आला तेव्हा मजकुराच्या पाट्या काढून त्यांच्या जागी धाकट्या फेअरबँक्सचं निवेदन घातलं होतं. निवेदन ऐकायला बरं वाटतं, पण पाट्यांनी बांधलेली चित्रपटाची लय त्यात मोडते. शिवाय हॉलिवूडचे मोठे मूकपट बऱ्याचदा शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कॅमेऱ्यांनी टिपले जात. एक निगेटिव्ह देशातल्या प्रतींसाठी, दुसरी परदेशासाठी. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या दोन अस्सल प्रतींत कॅमेऱ्याचा कोन, कधी अख्खा टेकसुद्धा वेगळा असू शकतो. तो दोष धरू नका. वहीत टिपून ठेवा.

मूळ लांबी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या कॅटलॉगमध्ये मिळते. त्या काळची व्यापारी साप्ताहिकं मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत फुकट वाचता येतात, त्यांतही फूट आणि रिळं दिलेली असतात.

सावधान: भारतात मूकपट तेराशेच्या आसपास बनले, त्यांतले तीससुद्धा आज उरलेले नाहीत, आणि त्यांतही काहींचे तुकडेच आहेत. मूकपटांतला देशी साहसनायक मास्टर विठ्ठल याच्या एखाद्या देमारपटाची 'पूर्ण प्रत' कोणी विकायला काढली, तर पैसे काढण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चौकशी करा.

टप्पा २: लांबीवरून वेग काढा

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

मूकपटांना ठरलेला एकच वेग नव्हता. कॅमेरा हाताने फिरवला जाई, आणि थिएटरमध्ये प्रोजेक्टर बहुधा त्याहून थोडा जलद चालवला जाई. 'मूकपट म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम' हे वाक्य विसरून जा. १९२० च्या दशकातले साहसपट साधारण २० ते २४ च्या दरम्यान बरे दिसतात. काही याहून सावकाश.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. म्हणून हिशेब असा: फूट गुणिले १६, भागिले वेग, भागिले ६०. म्हणजे मिनिटं. ९,००० फुटांचा चित्रपट घेतला तर:

- १६ फ्रेमने १५० मिनिटं
- १८ फ्रेमने १३३ मिनिटं
- २० फ्रेमने १२० मिनिटं
- २२ फ्रेमने १०९ मिनिटं
- २४ फ्रेमने १०० मिनिटं

आता समजा, अशा चित्रपटाची प्रत ७८ मिनिटांची आहे. २४ च्या वेगानेही ती १०० भरायला हवी होती. म्हणजे एक तर कापाकापी आहे, नाहीतर वेग भलताच आहे. निवाडा डोळ्यांनी करा. माणसं नीट चालत असतील तर दृश्यं गळलेली आहेत. माणसं तुरुतुरु पळत असतील तर वेग चुकलाय, कधी दोन्ही.

चालणं बघायचं ते गर्दीतल्या बिनमहत्त्वाच्या माणसाचं. नायकाच्या उड्यांवरून वेग ठरवू नका. कसरतीच्या दृश्यांत कॅमेरा मुद्दाम किंचित हळू फिरवून पडद्यावर चपळाई वाढवलेली असे, आणि ती तशीच दिसायला हवी. उंचावरून पडणारं पाणी, खाली सोडलेलं कापड आणि घोड्याच्या टापांनी उडालेली धूळ सहसा खोटं बोलत नाहीत. हे बघताना आवाज पूर्ण बंद ठेवा, कारण संगीताच्या ठेक्यात वेग फसवा वाटतो.

हातात २४ फ्रेमची फाइल असेल तर आणखी पक्की खूण मिळते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या, आणि हलणाऱ्या दृश्यात कितव्या फ्रेमला चित्र जागचं हललं नाही ते मोजा. दर तिसरी फ्रेम पुनरावृत्त असेल तर मूळ वेग १६ धरलाय, दर चौथी असेल तर १८, दर सहावी असेल तर २०. एकही नसेल तर चित्रपट सरळ २४ ने चालवलाय. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातला तलवारबाजीचा पट १६ ने चालवलेला निघाला, तर पात्रं पाण्यात चालल्यासारखी दिसतात. हीदेखील चूकच, आणि 'मूळ वेगात' असं लिहून विकली जाते.

वेग जास्त निघाला तर व्हीएलसीतच उतारा आहे. २४ ने चालणारी फाइल १८ ला आणायची तर वेग ०.७५, २० ला आणायची तर ०.८३. संगीताचा मात्र बट्ट्याबोळ होतो, तेव्हा ते बंद करून टाका.

तपासा: मूळ फूट, प्रतीची मिनिटं, निघालेला वेग. हे तीन आकडे वहीत उतरले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: चौकट, रंग, पाट्या

चौकट आधी. बोलपट आले तेव्हा फिल्मच्या डाव्या कडेची पट्टी ध्वनीसाठी गेली. मूकपट पुढे त्याच यंत्रांवर छापताना डावीकडचा भाग कापला गेला. ओळखायला सोपं: पाटीवरच्या मजकुराच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा सारखी आहे का बघा. डावीकडून अक्षरं कडेला टेकली असतील तर प्रत्येक दृश्याची मांडणी सरकलेली आहे, आणि द्वंद्वात डावीकडचा माणूस अर्धाच दिसणार.

मग रंग. 'मूकपट म्हणजे कृष्णधवल' हा समज काढून टाका. प्रती रंगात बुडवून काढल्या जात. रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळसर अंबर, आगीला लाल. रात्रीची दृश्यं सर्रास दिवसा चित्रित होत आणि रात्र झाली हे प्रेक्षकाला निळ्या रंगावरून कळे. तो रंग धुतला गेला की मुखवटाधारी नायक भर दुपारी सज्ज्यावर चढतो आणि पहारेकऱ्यांना दिसत कसा नाही, असा प्रश्न पडतो. दिग्दर्शक उगाच बदनाम होतो. याला घरगुती उपाय नाही, रंगवलेल्या प्रिंटवरून केलेली प्रतच शोधायची. उलटा प्रकारही होतो. हल्ली संगणकावर रंग इतका गडद ओततात की चेहरेच दिसेनासे होतात.

'द ब्लॅक पायरेट' (१९२६) ची गोष्ट निराळी. तो मुळातच दोन रंगांच्या टेक्निकलरमध्ये केलेला आहे, लालसर आणि हिरवट. त्याच्या कृष्णधवल प्रती खूप फिरतात. त्या घेऊ नका. रंगीत प्रतीत आकाश गर्द निळं दिसलं तर कोणीतरी हात मारलाय, कारण त्या प्रक्रियेत खरा निळा निघतच नव्हता.

पाट्यांत बघायचं एवढंच: अक्षरवळण सगळीकडे एक आहे का, आणि मधूनच संगणकावरच्या गुळगुळीत अक्षरांची पाटी येते का. नव्याने केलेली पाटी वाईट असतेच असं नाही. परदेशी प्रतीवरून चित्रपट वाचवला असेल तर ती करावीच लागते. पण ती नवी आहे हे प्रकाशकाने सांगितलेलं असावं.

टप्पा ४: टीव्ही ताळ्यावर आणा

हे पाच मिनिटांचं काम आहे. चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीतली सोय) बंद करा, त्याने पुनरावृत्त फ्रेमचा चिखल होतो. 'व्हिविड'सारखा भडक पर्याय असेल तर तोही काढा. खोलीत अंधार करा. मोबाइलवर बघायचं असेल तर नंतर कधीतरी बघा.

टप्पा ५: बघण्याचा क्रम

'थीफ ऑफ बगदाद'चं नाव मोठं म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. तो जवळपास अडीच तासांचा आहे आणि पहिला अर्धा भाग निवांत चालतो. नवा माणूस तिथेच गळतो. मी असा क्रम सुचवेन:

१. 'द मार्क ऑफ झोरो' (१९२०). आटोपशीर, चुरचुरीत.
२. 'द सन ऑफ द शेख' (१९२६). नायक रूडॉल्फ व्हॅलेंटिनो यात बाप आणि मुलगा दोन्ही झालाय. हा आधीच्या 'द शेख'पेक्षा (१९२१) कितीतरी सफाईदार आहे. दोन्हींत बाईला पळवून नेण्याला प्रेम म्हटलंय, ते आज खटकतं आणि खटकावंच.
३. 'प्रपंच पाश' (१९२९). दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन, निर्माता आणि नट हिमांशू राय. दोन राजे, एक मुलगी आणि फासे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जपून केलेली, नितीन साहनी यांच्या संगीताची प्रत मागा.
४. 'द ब्लॅक पायरेट', रंगीतच.
५. 'स्कॅरामूश' (१९२३) आणि मग 'थीफ ऑफ बगदाद'.
६. 'दिलेर जिगर' (१९३१), जी. पी. पवारांचा. हमीर आणि ललिता पवार. तुरळक उरलेल्या देशी देमारपटांपैकी एक. वरचे फेअरबँक्स पाहून झाले की यातल्या मुखवट्याचं आणि उड्यांचं मूळ आपोआप दिसतं. मास्टर विठ्ठलला 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' का म्हणत, तेही कळतं.

टप्पा ६: बघताना काय बघायचं

चूक अशी होते की लोक पाटी वाचतात आणि पुढची पाटी येईपर्यंत वाट बघतात. मजा मधल्या जागेत आहे.

'झोरो'त फेअरबँक्स दोन माणसं उभी करतो. डॉन दिएगो खांदे पाडून बसतो, जांभया देतो, लोलिताला रुमालाच्या जादू दाखवत राहतो, आणि ती कंटाळून मान वळवते. तोच माणूस मुखवटा चढवून आला की पाठ ताठ, पाऊल हलकं, आणि तीच लोलिता जागची हलत नाही. प्रेमकथा या दोन शरीरांतल्या फरकात आहे, पाट्यांत जेमतेम. रुमालाचा प्रवेश आणि मुखवट्यातला प्रवेश पाठोपाठ लावून बघा. दुसऱ्यांदा फक्त खांद्यांकडे लक्ष द्या.

कसरतीत बघायचं ते कॅमेऱ्याचं अंतर. 'ब्लॅक पायरेट'मध्ये नायक शिडात खंजीर खुपसून, शीड फाडत खाली घसरत येतो. माणूस, शीड आणि उंची तिन्ही एका चौकटीत दिसतात. आजच्या हाणामारीत असं दृश्य दहा तुकड्यांत कापलेलं असतं. मूकपटात कापाकापी कुठे होते आणि कुठे मुद्दाम टाळलेली असते, ते टिपायची सवय लावा.

संगीत पटत नसेल तर बिनदिक्कत बंद करा. स्वस्त प्रतींवर कुठल्याही ध्वनिमुद्रिकेचा तुकडा चिकटवलेला असतो. प्रेमप्रसंगाला लष्करी कूच वाजते. 'थीफ ऑफ बगदाद'साठी मात्र मॉर्टिमर विल्सन यांनी १९२४ सालीच खास संगीत लिहिलं होतं. अशा ठिकाणी प्रतीवर कोणाचं संगीत आहे हे बघून घ्या.

टप्पा ७: आता खरेदी

एकदा बघून झाल्यावर, पुन्हा बघावंसं वाटलं तरच घ्या. किनो, फ्लिकर ॲली, कोहेन, युरेका, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट यांच्या डिस्कवर माहिती सविस्तर असते.

सावधान: विभागाचा आकडा बघा. डीव्हीडीसाठी भारत ५, अमेरिका १, इंग्लंड २. ब्लू-रेसाठी भारत सी, अमेरिका ए, इंग्लंड बी. लंडनच्या आत्तेभावाने आणलेली डिस्क पुण्यातल्या प्लेअरवर चालत नाही ती यामुळे. काही डिस्क सर्व विभागांत चालतात. मागच्या बाजूला तसं छापलेलं असतं. टपालाने मागवलीत तर सीमाशुल्क धरून किंमत काढा.

चित्रपटावरचा हक्क संपला तरी त्यावरचं नवं संगीत हक्काखालीच असतं. फिल्म सोसायटीत दाखवायचं असेल तर त्याची परवानगी घ्यावी लागते.

टप्पा ८: रिळं मिळाली तर

कोणाच्या माळ्यावर डबे सापडले की उत्साहाच्या भरात पहिली चूक होते: प्रोजेक्टरवर चढवणं. ते करू नका. आधी रुंदी मोजा.

३५ मिमी रुंदी असेल आणि फिल्म १९५० च्या आधीची वाटत असेल, तर ती नायट्रेट आहे असंच धरून चाला. कडेला 'सेफ्टी' (म्हणजे सहज न पेटणारी फिल्म) छापलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नका, कारण नकलेत मूळ कडेची अक्षरंही उतरतात. नायट्रेट पेट घेते, जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवते, पाण्याखालीही विझत नाही. तुकडा जाळून खात्री करायचा उद्योग कोणी सुचवला तर त्याला डब्यापासून लांब ठेवा. डबा सावलीत, घराबाहेर, विस्तवापासून दूर ठेवा. टपालाने पाठवू नका, रेल्वेत नेऊ नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. चिकट झालेली किंवा तपकिरी भुकटी पडू लागलेली असेल तर हातही लावू नका.

१६ मिमी आणि ९.५ मिमीची धास्ती नाही. ९.५ मिमी म्हणजे पाथेची घरगुती फिल्म. भोकं कडेला नसून दोन फ्रेमच्या मध्ये असतात, त्यावरून लगेच ओळखू येते. तिच्यावरचे चित्रपट कापून आटोपते केलेले असतात, पण काही चित्रपट तेवढ्याच रूपात उरलेत, म्हणून टाकून देऊ नका.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट फिल्म (तीच 'सेफ्टी') कुजू लागली आहे. ती बाकीच्या रिळांपासून ताबडतोब वेगळी करा. हा रोग शेजारच्यांना लागतो. हवाबंद डब्यात कोंडलीत तर आणखी लवकर जाते.

कडेवर कोडॅकच्या वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्या कच्च्या फिल्मचं वर्ष सांगतात, चित्रपटाचं नव्हे, आणि त्याच खुणा पुढे फिरून येतात. विक्रेता त्या दाखवून 'अस्सल १९२६' म्हणाला तर नुसती मान डोलवा.

टप्पा ९: पोस्टरं आणि लॉबी कार्डं

अमेरिकन लॉबी कार्ड (थिएटरच्या दालनात लावायचं जाहिरातीचं कार्ड) ११ बाय १४ इंच, मोठं पोस्टर २७ बाय ४१ इंच. माप चुकलं की बहुधा नक्कल. दहापट भिंगातून बघा: जुन्या शिळाछापात खडूसारखे अनियमित कण दिसतात, आजच्या छपाईत ठिपक्यांची एकसारखी नक्षी. चोरबाजारात मिळतं त्यातलं बरंचसं नवंच असतं. भिंतीसाठी घ्यायला काहीच हरकत नाही, किंमत त्या हिशेबाने द्या. लॅमिनेशन करू नका.

टप्पा १०: साठवण

मुंबई-कोकणात शत्रू एकच, दमट हवा. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. छोटा मापक स्वस्तात मिळतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. सिलिका जेल ठेवा आणि ते ओलं झालं की वाळवा. वर्षानुवर्षं तीच पुडी ठेवून उपयोग नाही. डांबरगोळ्या फिल्मजवळ अजिबात नकोत. रिळं आडवी ठेवा, डिस्क उभ्या.

फाइल्सच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. फाइलच्या नावात वर्ष, मिनिटं आणि प्रकाशक घाला, म्हणजे दोन प्रतींची गल्लत होत नाही. पावसाळा सरला की सगळं एकदा बाहेर काढा. डबे हुंगा, डिस्कवर बुरशीचे डाग आहेत का बघा, हार्डडिस्क जोडून चारदोन फाइल्स मधूनच लावून पाहा, आणि तारीख वहीत टाका.